तोरणाखालचं फिलाडेल्फिया

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात आमच्या बांड्या बैलाचाही थोडा वाटा होता, असं मी म्हटलं की आता आमच्या घरात कोणी मान वर करून बघत नाही. ऐकून ऐकून त्यांचे कान किटले आहेत. पण परवा सकाळी माझी नऊ वर्षांची नात फोनवर दिसली. ती तिकडे बोस्टनजवळच राहते. मोठ्या ऐटीत मला सांगायला लागली की, आजी, आज आम्ही शाळेतून ते बंदर बघायला गेलो होतो, जिथे लोकांनी राजावर चिडून चहा पाण्यात फेकला, तुला माहीत आहे का ती गोष्ट? मला माहीत आहे का! मी चष्मा काढून ठेवला, पदर खोचला, उजवा हात वर केला आणि तिला ती गोष्ट अशी काही ऐकवली की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई बेल वाजवून 'सगळं ठीक आहे ना?' म्हणून विचारायला आल्या. नात मात्र पोट धरून हसत सुटली. 'आजी, हे आमच्या टीचरला म्हणून दाखवशील?' दाखवीन की. पण आधी ते कुठून आलं ते लिहून ठेवते, नाहीतर बैलाचं श्रेय मीच लाटलं असं व्हायचं.

आमचं गाव आदिलाबादकडचं, तामसीच्या अलीकडचं. घरात चार माणसं आणि दोन बैल: बाबा, माय, नामाकाका, मी, आणि बांड्या नि खैऱ्या. हा क्रम माझा. बाबांना विचारलं असतं तर बैल आधी आले असते. आमच्याकडे दिवस उजाडायचा तो ज्वारीच्या भाकरीवर पडणाऱ्या मायच्या थापांनी. त्या थापांची लय बिघडली की समजायचं, माय रागात आहे. मग गोठ्यात बांड्याच्या गळ्यातली घुंगरं वाजायची, काकाचं खोकणं, शेजारच्या घरातल्या रेडिओवरच्या तेलुगू बातम्या, आणि ह्या सगळ्याच्या वर दुरून आदिलाबादच्या बसचा भोंगा. तो ऐकला की मी अर्धी भाकर आणि अंबाडीची भाजी फडक्यात गुंडाळून पळत सुटायची. मी आदिलाबादच्या मराठी शाळेत नववीत होते आणि आमच्या आळीतून बसने शाळेला जाणारी मी एकटीच मुलगी होते. त्या बसचा मला इतका अभिमान होता की काही विचारू नका. कंडक्टर तेलुगूत ओरडायचा, बाया मराठीत भांडायच्या, कापसाचे व्यापारी हिंदीत भाव करायचे, आणि मी खिडकीशी बसून तिन्ही भाषांतल्या शिव्या पाठ करायची.

शिव्या पाठ व्हायच्या, इतिहास व्हायचा नाही. आठवीच्या वार्षिक परीक्षेत मला इतिहासात पन्नासपैकी नऊ मार्क पडले होते आणि शाळेने मला कृपा करून वर ढकललं होतं. बाबांनी तो निकाल दाराच्या उजेडात धरून दोनदा वाचला. बाबा फार कमी बोलत. त्यांचं एक वाक्य आम्हाला दिवसभर पुरायचं. त्या दिवशी मात्र ते माझ्या आठवणीतलं सगळ्यात लांब बोलले. 'पाह्य कुसुम, गणित तुले येते, तेलुगू येते. मंग इतिहासातच काऊन बुडून राह्यली? आता तिमाहीत इतिहास सुटला त शाळा. नाई सुटला त घरी. कापूस येचाले माणसं भेटत नाई आजकाल.' एवढं बोलून ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. ते ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते ओरडले नाहीत, म्हणून मला कळलं की हे खरं आहे.

आमच्या इतिहासाच्या सरांचं नाव लक्ष्मणराव. ते गोदावरीपलीकडचे, घरी तेलुगू बोलणारे. मराठी त्यांनी पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे आमच्यापेक्षा फार शुद्ध बोलत. नववीच्या सुरुवातीलाच त्यांनी अमेरिका काढली. 'लक्ष द्या, अम्मा. इंग्लंडच्या राजाने तेरा वसाहतींवर कर लादले. कागदावर कर, चहावर कर. परंतु त्याच्या सभेत ह्या लोकांचा एकही माणूस नव्हता.' सर सांगायचे तेव्हा फार मजा यायची. लोक वेष बदलून जहाजावर चढले, तीनशेबेचाळीस पेट्या चहा समुद्रात ढकलला. वर्गात मी तोंड उघडं टाकून ऐकायची, आणि बसमधून गावात उतरेपर्यंत सगळं सांडून जायचं. घरी चुलीपाशी बसून मायला सांगून पाहिलं. आमच्याकडे रोजचा चहा गुळाचा. साखरेचा चहा फक्त पाहुण्याला. माय भाकर थापता थापता थबकली. 'तीनशे पेट्या? पुऱ्या पाण्यात?' 'हाव.' 'साखर त नाई न टाकली?' मी म्हटलं, साखरेचं पुस्तकात काही नाही. 'मंग ठीक हाय,' माय म्हणाली आणि परत थापायला लागली.

आता झडतीबद्दल सांगायला हवं, कारण माझी नात आणि तिच्या टीचर दोघींनाही ते ठाऊक असायचं कारण नाही. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजवून मारुतीसमोर आंब्याच्या तोरणाखाली आणतात. तोरण तुटण्याआधी दोन बाजूंची माणसं एकमेकांवर झडत्या फेकतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचं खोडकर पद्य. कोणाची फजिती, कोणाला टोमणा, आणि शेवटी ठरलेली ओळ, 'एक नमन गौरा पार्वती'. ही ओळ आली की सारा गाव एका आवाजात उत्तर देतो, 'हर बोला हर हर महादेव!' गंमत अशी की हे उत्तर न देणं आमच्याकडच्या माणसाला जमतच नाही. तोंडात घास असो, भाऊबंदकी असो, झडती आपल्याच बापाची टर उडवणारी असो, उत्तर आपोआप बाहेर येतं. मी तर पुढे आदिलाबादच्या कचेरीत असताना एका गंभीर मीटिंगमध्ये हे करून पाहिलं आहे. तीन कारकून आणि एक तलाठी उठून ओरडले.

आमच्या बाजूचा झडत्या म्हणणारा म्हणजे नामाकाका. समोर गावच्या दाजीपाटलांचा गडी, नांगऱ्या सखाराम. आदल्या वर्षी काका सातव्या झडतीला आटला होता आणि सखाराम पंधरावीपर्यंत गेला होता. वर्षभर काका चहाच्या टपरीवर गेला की कोणीतरी म्हणायचं, 'नामा, अजून एखांदी आठवली का?' काका दिसायला दांडगा, पण जीव चिमणीचा. त्याने टपरीच सोडली.

तर एके दिवशी मी बांधावर बसून अमेरिका पाठ करत होते. कागदावरचा कर डोक्यात जाईना. मग नुसता चाळा म्हणून मी त्याला झडतीच्या चालीवर घेतलं, आणि काय सांगू, गुळावर मुंग्या याव्यात तसे शब्द आपोआप येऊन चिकटायला लागले.

कागदावर शिक्का, शिक्क्यावर दाम,
तेरा घरचे लोक झाले जाम;
राजा बसला समुद्रापार,
कोणाले पुसून लावला भार?
एक नमन गौरा पार्वती…

'हर बोला हर हर महादेव!' कपाशीतून काका ओरडला. तो तिथे डवरणी करत होता, म्हणजे बैलांना डवरा जुंपून ओळींमधलं तण काढत होता. डवरा तसाच सोडून तो बांधावर आला. 'कुसे, हे काय म्हणून राह्यली?'

'इतिहास.'

'कोणत्या गावचा?'

'अमेरिकेचा.'

काकाने डोकं खाजवलं. मग त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की मला वाटलं ह्याला ऊन लागलं. 'म्हंजे सखारामले ठाव नसन!'

झाला करार. मी अमेरिकेच्या झडत्या रचायच्या आणि काकाला शिकवायच्या. त्या बदल्यात काका माझ्या वाट्याचं पाणी भरणार. सरांनी एक धडा शिकवला की संध्याकाळपर्यंत त्याची झडती तयार व्हायची. अमेरिकेच्या सेनापतीचं नाव, तोच पुढे पहिला अध्यक्ष झाला, कुठल्याच ओळीत बसेना, म्हणून मी त्याला नुसतंच सेनापती म्हणत राहिले आणि आजही तसंच म्हणते. काका डवरणी करता करता पाठ करायचा. ओळीच्या टोकाला बैल वळवून थांबवायचा, एक झडती म्हणायचा, आणि 'महादेव' म्हणताच कासरा झटकायचा, की बैल चालू. फिलाडेल्फिया हा शब्द मात्र त्याच्या तोंडात बसत नव्हता. 'फिलाफेल्डिया' व्हायचं, 'फेलाडिल्फा' व्हायचं, एकदा तर 'फुलाबाई' झालं. बांड्या मात्र माझ्यासारखाच निघाला, त्याला चालीवर शिकवलं की पटकन यायचं. पंधरा दिवसांत त्याला कासऱ्याची गरजच उरली नाही. 'महादेव' म्हटलं की निघायचं, एवढा धडा त्याचा पक्का झाला. काका खूश. 'हात नाई दुखत आता,' म्हणाला. ह्यात काही वाकडं आहे हे आम्हा दोघा हुशारांच्या डोक्यात आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मायने बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि त्यांच्या कानात आमंत्रण दिलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात पुरणाचा आणि विलायचीचा वास, कढीची फोडणी, तेलात वड्यांची चुर्रचुर्र. बांड्याच्या शिंगांना लाल बेगड, खैऱ्याच्या हिरवी. पाठीवर मायच्या जुन्या लुगड्याच्या झुली, त्यांना मीच आरसे टाचले होते. आम्ही निघालो तेव्हा मला वाटलं, ह्या दोघांना बघून विलायतेचा राजासुद्धा उठून उभा राहील.

तोरणाचा आमच्या गावचा कायदा असा: वर्गणी सगळ्या घरांची सारखी, पण तोरण कधी बांधायचं, कधी तोडायचं, कोणाची जोडी कितवी, हे सगळं पाटलांच्या बैठकीत ठरायचं. पहिली जोडी अर्थातच पाटलांची, मानाची. ती तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा खूर पुढे पडायचा नाही. ह्यावर कोणी बोलत नसे. बोलायचं असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

सखारामने सुरुवातीलाच काकाला घेतलं.

बाभळीच्या झाडाले आला रे बेल,
नामाच्या डोक्यातलं सरलं तेल;
गेल्या पोळ्याले पयाला घरी,
औंदा आणल्या का झडत्या चारी?
एक नमन गौरा पार्वती…

गाव गरजला. बांड्या पुढे झेपावला. काकाने दोन्ही हातांनी त्याची वेसण धरली, पाय रोवले आणि शिक्क्याची झडती सोडली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेरा घरं कोणाची? मग बर्फाची:

बर्फाची नदी, नावेचा घाट,
सेनापती पाहे पल्याडची वाट;
शत्रू झोपला सणाचं खाऊन,
यानं पाडला पहाटी जाऊन!

'हर हर महादेव!' सखारामच्या कपाळावर घाम. त्याच्याकडे सुना-सासवांच्या, चोरांच्या, सावकाराच्या शंभर झडत्या होत्या, पण बर्फाच्या नदीवर उत्तर नव्हतं. तो अडखळला की काकाची पुढची तयार:

पेटी रे पेटी, चायची पेटी,
बोष्टनच्या बंदरावर जमली दाटी;
कर आमचा न सभा तुमची,
ऐकून घ्या राजे, गोठ आमची;
इकडून ढकलली, तिकडे बुडाली,
साऱ्या दर्याची चायच झाली!

'बोष्टन कोठी आलं रे?' माझ्यामागे एका म्हाताऱ्याने विचारलं. 'भैंसा गावच्या पल्याड असन,' दुसरा म्हणाला. पण 'कर आमचा न सभा तुमची' ह्या ओळीला चार-पाच डोकी वळली आणि पाटलांच्या ओट्याकडे गेली. शपथेवर सांगते, मी ते गावावर रचलं नव्हतं. मी फक्त धडा पाठ करत होते.

आणि मग शेवटची, सगळ्यात भारी झडती. काकाने छाती भरून श्वास घेतला. 'फिला…' म्हणाला. थांबला. 'फेला…' लोक हसायला लागले. 'फि… फु…' सखारामच्या तोंडावर पुन्हा तेल चढलं. तो म्हणाला, 'सरलं वाटते तेल!' काकाचं तोंड मी बघितलं आणि मला टपरीवरची त्याची रिकामी जागा दिसली. मी देवळाच्या भिंतीवर बायकांमध्ये बसले होते. आमच्याकडे झडती बायका म्हणत नाहीत, मुली तर नाहीतच. मी उभी राहिले. मायने माझा परकर धरला, तो तिच्या हातातून सुटला.

फिलाडेल्फियात भरली पंचायत,
राजाले धाडली लिहून कैफियत;
सारे माणसं सारखे जन्मले,
सांगा राजाले, आमी नाई नमले!
एक नमन गौरा पार्वती…

मग जे झालं ते मी मेले तरी विसरणार नाही. पोरीने म्हटलं की पोराने, कोणाला तेवढा विचार करायला वेळच मिळाला नाही. अख्ख्या गावाच्या तोंडून ते बाहेर पडलं, आजवर कधी पडलं नव्हतं एवढं मोठ्याने. ओट्यावर पाटलांचेही ओठ हलले, मी बघितलं. काकाने आनंदाच्या भरात दोन्ही हात आभाळात फेकले. दोन्ही. आणि बांड्या निघाला.

खैऱ्या बिचारा त्याच्या मागे. मानाची जोडी जागच्या जागी, आणि आमचे दोघे आरसे चमकवत, झुली उडवत सरळ तोरणाखालून पार! तोरण बांड्याच्या शिंगांत अडकलं, तुटलं आणि आंब्याची पानं मिरवत तो गावाबाहेर गेला. तोरण तुटलं म्हटल्यावर बाकीच्या बैलांना कोण थांबवणार? चाळीस जोड्या उधळल्या, बाया किंचाळल्या, वाजंत्रीवाला ढोलासकट गटारात. बांड्या सापडला तेव्हा तो आमच्या कपाशीत होता, ओळीच्या तोंडाशी, तोरण घालून, काका कधी येतो त्याची वाट बघत. मी भिंतीवर बसून इतकी हसले की मला उचकी लागली. मग बाबा दिसले आणि उचकी थांबली.

बाबा नारळ घेऊन पाटलांकडे माफी मागायला गेले. पाटील वाईट माणूस नव्हते. म्हणाले, 'जनावर हाय, त्याले काय बोलाचं. पण पोरगी तोरणाखाली बोंबलते, शाळेत हेच शिकोते काय?' हे मला काकाने सांगितलं. त्या दिवशी बाबांनी पुरणपोळीला हात लावला नाही, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. माझ्यासमोर बसून ते मायला म्हणाले, 'तिले सांग, परीक्षेपुरती जाय. मंग पाहू.' मला फार भीती वाटली. 'मंग पाहू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण खरं लिहायचं तर त्या भीतीतसुद्धा ती आरोळी आठवली की मी भाकर चावता चावता हसायची. माय मग डोळे वटारायची.

इतिहासाच्या पेपरात अमेरिकेवर चार प्रश्न आले. चारही मला येत होते. मी व्यवस्थित लिहायला बसले, 'इंग्लंडच्या राजाने', आणि पुढे पेन हलेना. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा खोडलं. झडती म्हटली की सगळं समोर उभं राहायचं, वाक्य लिहायला घेतलं की सगळं जायचं. पर्यवेक्षक म्हणाले, अर्धा तास उरला. मला बस दिसली, माझ्याशिवाय चाललेली. मग मी सरळ झडत्याच लिहिल्या. खाली शिक्का कोणी लावला, पंचायत कोणत्या वसाहतींची, नदी कोणती, हे लिहिलं. आणि प्रत्येकीच्या शेवटी ती ओळ महादेवासकट, कारण ती लिहिल्याशिवाय पुढची झडती सुचतच नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने लक्ष्मणराव सर आमच्या गावात उतरले. काखेत कापडी पिशवी, पायात धुळीने भरलेले बूट. मी दारातून त्यांना बघितलं आणि चुलीमागे लपले. बाबांनी त्यांना ओसरीवर घोंगडी टाकून दिली. सरांनी पिशवीतून माझी उत्तरपत्रिका काढली. मार्कांच्या चौकोनात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. मग सरांनीच मला हाक मारली. मी आले, बाबांच्या शेजारी खाली मान घालून उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

'मुद्दा असा आहे,' सर म्हणाले, 'ह्या मुलीचा अमेरिकेवरचा एकही मुद्दा चुकलेला नाही. परंतु हे उत्तर आहे की काय आहे, मला समजत नाही. प्रत्येक उत्तराखाली देवाचा जयघोष आहे. मुख्याध्यापक म्हणाले, मार्कांसाठी देवाला मध्ये घातलं, शून्य द्या. मला ते पटलं नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं. ऐका.'

आणि सरांनी वाचायला सुरुवात केली. हजेरी घ्यावी तसं, सपाट आवाजात. 'फिलाडेल्फियात भरली पंचायत. राजाले धाडली लिहून कैफियत.' गोठ्यातला काकाचा झाडू थांबला. चुलीपाशी मायच्या थापा थांबल्या. 'सारे माणसं सारखे जन्मले.' पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की त्या कैफियतीवर सह्या करणाऱ्या कित्येकांच्या घरी विकत घेतलेली माणसं राबत होती, आणि सारे माणसं म्हणजे बायकाही नव्हत्याच. ते वाचून मला फसवल्यासारखं वाटलं आणि राग आला. पण त्या रविवारी, त्या ओसरीवर, मला ते वाक्य माझंच वाटत होतं. 'सांगा राजाले, आमी नाई नमले,' सरांनी वाचलं. 'आणि त्यानंतर हे पाहा. एक नमन गौरा पार्वती…'

'हर बोला हर हर महादेव!'

चुलीपासून माय. गोठ्यातून काका. कुंपणापलीकडून डवरा मागायला आलेला सखाराम, तोसुद्धा! आणि माझ्या शेजारून, बारा दिवस माझ्याशी एक शब्द न बोललेले माझे बाबा, मांडीवर थाप मारून, सगळ्यांच्या वरच्या आवाजात. सरांच्या हातातून कागद पडला. गोठ्यात खाडकन आवाज झाला आणि बांड्या खुंट्यासकट अंगणातून, सरांच्या बुटांवरून, फाटकाबाहेर. काका झाडू घेऊन त्याच्या मागे, सखाराम काकाच्या मागे. मग ओसरीवर बाबा हसायला लागले. बाबांचे मागचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते हसत राहिले, हसता हसता डोळे पुसत राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून रडायला लागले, इतकं मला बरं वाटलं.

'हे काय होतं?' सरांनी विचारलं.

'हे उत्तर हाय, सर,' बाबा म्हणाले. 'झडतीले असंच उत्तर असते. तिनं म्हटलं, आमी देल्लं.'

'म्हणजे तुम्हा सर्वांना हे मान्य आहे?'

'हाव. मान्य.'

सरांनी खिशातलं पेन काढलं, कागद मांडीवर ठेवला आणि प्रश्नचिन्हाच्या जागी आकडा लिहिला. पन्नासपैकी एकतीस. अमेरिकेच्या प्रत्येक उत्तराचा एक मार्क कापला होता, बाकीचे इतर धड्यांत गेले होते. महादेव अभ्यासक्रमात नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि पुढच्या वेळी गद्यात लिहायचं असंही बजावलं. बाबांनी तो आकडा दाराच्या उजेडात धरून दोनदा वाचला. मग बारा दिवसांनी ते माझ्याकडे वळून बोलले. 'कुसुम, सरांले चाय टाक. साखरेची.'

मी चहा घेऊन आले तेव्हा काका आणि सखाराम मिळून बांड्याला फाटकातून आत ओढत होते. बाबा सरांना विचारत होते, 'आता पुढला धडा कोणता हाय?'

'फ्रान्सची राज्यक्रांती.'

'त्यात काय होते?'

सरांनी बशीत चहा ओतला. 'त्यात लोक राजाचं डोकं उडवतात.'

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाटलांच्या घराच्या दिशेने पाहिलं. मग बांड्याकडे.

'नाम्या,' ते म्हणाले, 'पुढच्या पोळ्याले याले दोन कासरे लाव.'